भट्टीतलं चेंबर, बर्फातलं बेअरिंग

परळच्या पुलाखाली आमची मोटरसायकल घरघरायला लागली तेव्हा मागच्या सीटवर बाबा बसले होते, आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही. सिग्नलला शेजारी थांबलेला टॅक्सीवाला काच खाली करून म्हणाला, "मॅडम, आपकी गाडी रो रही है." मी मान वळवून ओरडले, "बाबा, हा आवाज कसला येतोय?" बाबांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "बरी चलता गो. जा फुडे."

आता हे कुणी दुसऱ्यानं म्हटलं असतं तर ठीक. पण माझे बाबा? मिलच्या वर्कशॉपात टर्नर होते, लेथच्या यंत्रावर धातू कापायचे; मिल बंद पडल्यावर गाळा घेऊन तिथे लेथ टाकला आणि लोकांच्या मोटरसायकली उघडल्या. दुसऱ्या मजल्यावर चहा पिता पिता खालून जाणाऱ्या गाडीला म्हणायचे, "ह्येचो क्लच गेलो." पक्की खात्री करायची असली की खाली उतरायचे, लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक चालू इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटून उभे राहायचे. लहानपणी मला वाटायचं, इंजिन त्यांच्या कानात चहाड्या सांगतंय. त्या माणसाला टॅक्सीवाल्याइतकंही ऐकू येऊ नये?

मी स्वभावानं उतावळी. पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त गोळा करते. काळाचौकीपासून दादरपर्यंत सकाळी उपाशीपोटी ताटकळलेली माणसं, आणि त्यांच्याहून जास्त ताटकळलेली मी. बाही वर करायला कुणी वेळ लावला की माझा पाय आपोआप हलायला लागतो. तेव्हा ती घरघर मी मनावर घेतली नाही असं नाही, पण बघू, रविवारी बघू, असं करत राहिले. शेवटी गाडी चढावर इतकी ओरडायला लागली की आमच्या चाळीतली कुत्री उठून जागा बदलायची. मग मी फोनवर मोठ्या अक्षरांत टाइप केलं, "गाडी खरखर करतेय, दिवाळीपासून," आणि स्क्रीन बाबांच्या नाकासमोर धरली. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि पान्यांची पिशवी काढायला उठले.

गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून त्यांनी इंजिन उघडलं. शेजारच्या वहिनी साडी सावरत पलीकडे गेल्या आणि म्हणाल्या, "पसारा कधी आवरणार?" मी म्हटलं, "इंजिन बोललं की." बाबांनी चेंबरच्या दोन फाका अलग केल्या. चेंबर म्हणजे इंजिनाचं ॲल्युमिनियमचं कवच, ज्यात क्रँकचा दांडा फिरतो. दोन्ही फाकांत एकेक बेअरिंग बसलेलं असतं, आणि ते इतकं घट्ट असतं की चेंबर तापवल्याशिवाय निघत नाही. क्लचच्या बाजूच्या बेअरिंगला बाबांनी नुसतं बोट लावलं, आणि ते पिकल्या जांभळासारखं त्यांच्या तळहातावर पडलं.

बाबांनी ती रिकामी जागा उजेडाकडे धरली. ती आरशासारखी चकाकत होती. बेअरिंगच्या आतल्या कड्यानं फिरायचं आणि बाहेरच्या कड्यानं चेंबरला धरून गप्प बसायचं, असा नियम. इथं बाहेरचं कडंही फिरायला लागलं होतं. फिरलं की जागा झिजते, जागा झिजली की ते आणखी फिरतं. महिनोन्‌महिने फिरत होतं. म्हणजे महिनोन्‌महिने आवाज येत होता.

बाबांनी बेअरिंग मांडीवर ठेवलं. "माका आयकाक येणा नाय," ते म्हणाले.

तोवर त्यांनी हे एकदाही कबूल केलं नव्हतं. आम्हीच तोंडातल्या तोंडात बोलतो, हल्लीच्या टीव्हीवाल्यांना बोलता येत नाही, फोन कंपन्या चोर आहेत, असं सगळं चालायचं. मला रडू यायला हवं होतं. पण मी डोक्यात राख घालून घेतली. म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे.

ओळखीतल्या कानाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तपासलं. एक लोखंडी चिमटा, ट्यूनिंग फोर्क म्हणतात तो, आपल्या गुडघ्यावर आपटून बाबांच्या कानाजवळ धरला, बाबा ढिम्म. मग तोच थरथरता चिमटा कानामागच्या हाडावर टेकवला, तेव्हा बाबांनी मान हलवली. "हां, हयसर येता." माझा तेव्हा लॅबचा फोन वाजत होता, मी दारात उभी राहून कुणाला तरी पत्ता सांगत होते. आत आले तेव्हा त्या सांगत होत्या, आतली नस चांगली आहे, पण कानातली बारीक हाडं जखडलीत. ऑपरेशन होऊ शकतं. मी बाबांच्या कानात ओरडून ते पोचवलं. बाबा म्हणाले, "जाम झाली? म्हणजे बेअरिंगच धरला म्हणा." बाई हसल्या. ऑपरेशनला बाबा साफ नाही म्हणाले. "आता माझा इंजान खोलूचा नाय." कानाचं मशीन घेतलं तर ते शिट्ट्या मारायला लागलं. आठवड्यात ते नट-बोल्टच्या डब्यात गेलं.

आणि मग एका दुपारी, चेंबर रॉकेलनं धुता धुता, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगून टाकलं. "ही गाडी उभी करून देतंय नि गावाक जातंय. कायमचो."

"कायमचं म्हणजे?"

ऐकू आलं नाहीच. तरी उत्तर आलं. "थय कोण बोलणारा नाय. म्हणजे आयकूचा लागणा नाय."

आमच्या गावच्या घरात आता कुणी राहत नाही. पाण्याला विहीर, दवाखाना एसटीनं. आई गेल्यापासून आम्ही दोघंच, मी आणि बाबा, आणि हा माणूस मला सोडून मुक्या भिंतींशी संसार करायला निघाला होता. मी बोंबलले. अक्षरशः बोंबलले. "नाही जायचं! ऐकताय का? मी एकटी काय करू इथे?" माझी विनवणी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली. बाबा ब्रशनं कोपरे घासत राहिले. संध्याकाळी वहिनी समजूत घालायला आल्या, "जाऊ दे गं त्यांना, तिकडे हवा चांगली असते." म्हणजे सगळ्या चाळीला कळलं होतं. ज्यांना कळायला हवं त्यांनाच नाही.

लिहून का नाही दिलं, असं लोक विचारतात. दिलं ना. बाबा कागद हातात घेऊन म्हणाले, "चष्मो खय?" आणि घडी घालून खिशात टाकला. पुन्हा लिहायची माझी हिंमत झाली नाही. बापाला 'जाऊ नका' असं काय लिहून द्यायचं? तो काय अर्ज आहे? ते ओरडून, रडून, भांडून सांगायचं असतं. मला भांडायचं होतं आणि समोरचा माणूस भांडायला हजर नव्हता.

तेव्हापासून माझी गंमत झाली. गाडी लवकर व्हावी असंही वाटेना, आणि नुसतं बसवतही नव्हतं. नाक्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, "ताई, एवढं काय? झिजलेल्या जागेवर पंचनी गोल ठिपके मारतो, धातू वर येतो, बेअरिंग टाइट. दुपारपर्यंत गाडी घेऊन जा." एरवी मी त्याच्या पाया पडले असते. त्या दिवशी मी म्हटलं, "नको नको, नीट करायचंय." दुपारपर्यंत गाडी म्हणजे संध्याकाळी बाबा एसटीत. बाबांना खुणेनं ठिपक्यांचं सांगितलं तर त्यांनी तोंड कडू केलं. "ठिपके चार दिस धरतत, मगे सुटतत. ता सोंग. बुश मारूक व्हयो." म्हणजे झिजलेली जागा लेथवर मोठी कापायची, त्यात नवं कडं दाबून बसवायचं, आणि त्या कड्याचं भोक बेअरिंगपेक्षा केसभर लहान ठेवायचं. वेळ खाणारं काम. मला मनातून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच रागही आला.

लालबागच्या मसाला बाजारामागे एका गल्लीत लेथ आहे. बाजूला डंकावर मिरच्या कुटतात, त्यामुळे टर्नर शिंकत शिंकत काम करतो. माझ्याच वयाचा, बडबड्या, बाबांना काका म्हणणारा. त्यानं चेंबर बघून शीळ घातली. "काका, हे जपून हां. दुसरं मिळणार नाही." ते मलाही माहीत होतं. त्या मॉडेलचं चेंबर शोधायला मी भंगार बाजार पालथा घातला होता आणि रिकाम्या हातानं परत आले होते. हे फुटलं की गाडी संपली.

त्यानं दोन्ही फाका जोडून लेथवर बांधल्या, दोन्ही भोकं एका रेषेत आणली, झिजलेली जागा कापली, कडं दाबून बसवलं. सगळं व्यवस्थित. मग बाबांनी पुढे होऊन खिळ्यावरचा ॲप्रन घातला आणि बाह्या सरसावल्या. "ह्यो शेवटचो कट मी मारतंय."

टर्नरनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. काय सांगणार? अख्खा जन्म लेथवर गेलेला माणूस. टर्नर बाजूला झाला, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला, मिरच्यांच्या आवाजात ऐकू येईना म्हणून तो बाहेर गेला.

बाबांनी मशीन चालू केलं. सुरुवातीला चांगलं चाललं होतं. बारीक चंदेरी कीस निघत होता. बाबांची पाठ कशी सरळ झाली होती! मी त्या पाठीकडे बघत होते, आणि माझ्या मनात आलं, की हा माणूस इथं राहिला पाहिजे, इथंच, या वासात.

मग कापणारं टूल किरकिरलं.

आधी जरासं. मग कानात सुई घुसावी तसं. टूल नीट आवळलं गेलं नसावं, ते थरथरत होतं आणि थरथरत कापत होतं. ऐकू येणारा कुणीही माणूस त्या आवाजाला हात मागे घेतो. बाबा पुढे चालले होते, शांतपणे, ओठ मिटून. कडं पातळ होतं, त्याच्यामागे चेंबर. मी ओरडले, "बाबा!" पुन्हा ओरडले. डंक चालू, मशीन चालू, बाबांचे कान बंद.

हात लावणं शक्य नव्हतं. लहानपणी मी त्यांच्या गाळ्यावर डबा घेऊन जायचे. एकदा ते लेथवर असताना मी मागून शर्ट ओढला होता. बाबांनी मशीन बंद केलं, वळले आणि मला एक ठेवून दिली. आयुष्यात तेवढी एकच. नंतर जवळ घेऊन म्हणाले होते, "चालू मशीनवरच्या माणसाक कधीच हात लावू नको. तो दचाकलो की हात जाता." मी हात पुढे केला होता, तो तसाच हवेत राहिला. मग मला दाराजवळ, देवाच्या फोटोखाली, मेन स्विच दिसला. मी धावले आणि तो खाली ओढला.

लेथ हळूहळू फिरत थांबला. दिवा गेला. बाबा वळले. "कोणी बंद केल्यान?" असे ओरडले की मिरचीवालाही डोकावला. मी भोकाकडे बोट दाखवलं. बाबांनी तर्जनी आत घालून नख फिरवलं. लाटाच लाटा होत्या. नख अडत अडत फिरत होतं. त्यांनी बोट बाहेर काढलं, पँटला पुसलं, पुन्हा घातलं. जणू पहिल्यांदा चूक झाली होती ती बोटाची.

टर्नर आत आला, वाकून बघितलं. "अरे काका, टेन्शन कशाला? कडं गेलं, चेंबर वाचलं. ताईनी टायमाला बंद केलं. दुसरं कडं घालतो, त्यात काय!" बाबांना त्यातलं काही कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी ॲप्रन काढून खिळ्याला लावला. "तूच मार कट," म्हणाले, आणि गल्लीत जाऊन उभे राहिले. मिरचीच्या खाटानं सगळ्यांचेच डोळे लाल होतात तिथे, त्यामुळे मी काही विचारलं नाही.

टर्नरनं दुसरं कडं घातलं, शेवटचा कट मारला, मापं दाखवली. मी चेंबर पोत्यात गुंडाळून घरी आणलं. घरात शिरते तर बाबांनी माळ्यावरची बॅग खाली काढली होती आणि त्यात लुंग्या भरत होते.

"फाल्या जातंय. गाडी तू कोणाकडसून जोडून घे."

उद्याच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पोतं धाडकन टेबलावर ठेवलं, बॅगेतल्या लुंग्या बाहेर फेकल्या, त्यांनी परत भरल्या, मी परत फेकल्या. आम्ही दोघं न बोलता हे करत होतो, आणि बघणाऱ्याला हसू आलं असतं. शेवटी मी नवं बेअरिंग त्यांच्या हातात कोंबलं, चेंबरकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि जोरजोरात मान हलवली. मला येत नाही. हे मला येत नाही, बाबा. बाबांनी बेअरिंग बोटांत धरून फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले.

"बसवून देतंय," ते म्हणाले. "मगे जातंय."

बेअरिंग बसवायची आमच्या बाबांची एक पद्धत आहे, आणि ती मी दुसरीकडे कुठे बघितलेली नाही. भोक बेअरिंगपेक्षा लहान, मग ते आत जाणार कसं? चेंबर तापवलं की भोक जरा मोठं होतं, बेअरिंग गारठवलं की ते जरा आक्रसतं. तेवढ्या फटीत काम साधायचं. लोक स्टोव्हवर तापवतात, एका बाजूला जास्त तापतं आणि चेंबर वाकतं. बाबा ते बेकरीत नेतात. पहाटेचा पाव निघून गेला की भट्टीत जी उरलेली ऊब असते ती सगळीकडून सारखी लागते. आणि बेअरिंग जातं मासळी बाजारात, आमच्या कोळीणमावशीच्या बर्फाच्या पेटीत, पिशवीत घट्ट बांधून, सुरमईच्या खाली. मावशीला याचं काही वाटत नाही. "तुज्या बापाचे गोटे काय आज नवीन ठेवताव आमी?" ती म्हणाली. मी तिला बाबा गावी जाणार असल्याचं सांगितलं. तिनं कोयता थांबवला. "आनि मंग मासे कोन खानार?"

तर सकाळी बाबा बेकरीत चेंबरपाशी, आणि मी बाजारात बेअरिंगपाशी. बेकरीवाल्यानं फोन केला, "काका बोलते है, लाओ." मावशीनं पिशवी काढून दिली आणि मी सुटले. मला जन्मभर सगळ्यांनी सांगितलंय, हळू जा, पडशील, कसली घाई. त्या दिवशी बेकरीच्या दारातून बाबा हात हलवत ओरडत होते, "धाव गो! धाव!" मी भाजीवाल्याच्या टोपलीवरून उडी मारली. हातातलं बेअरिंग इतकं गार होतं की बोटं बधिर झाली होती.

आत पोत्यांवर चेंबर ठेवलेलं. बाबांनी पाण्याचा थेंब टाकून बघितला, तो नाचत उडून गेला. त्यांनी माझ्याकडून बेअरिंग घेतलं, फडक्यानं पुसलं, भोकावर धरलं. ते तिरकं पडलं तर मधेच अडकतं, आणि अडकलं की संपलं. बाबांचे हात अजिबात हलत नव्हते. त्यांनी बोटं सोडली.

टप.

एकच आवाज झाला, भरीव. बाबांनी मान वर केली. "कसो इलो?"

मी काय सांगणार? 'टप' कसं सांगतात? मी उजवी मूठ डाव्या तळहातावर एकदाच मारली. बाबांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मला आनंद झाला, आणि लगेच आठवलं की आता उरलं होतं फक्त जोडणं. पावाचा वास येत होता, माझ्या हातांना सुरमईचा. मी एक गरम पाव तसाच खाल्ला.

गाडी जोडून चाळीच्या चौकात उभी केली तेव्हा बॅग खाली जिन्यापाशी भरून ठेवलेली होती. माणसं गॅलऱ्यांत आली. मी किक मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्या किकेला धुराचा लोट आला आणि इंजिन चालू झालं. काय सांगू! गोड, एकसारखं, कुठे खरखर नाही. वरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाबा मागे हात बांधून उभे होते, बंद दारासमोर उभं राहावं तसे.

"काय म्हणता गाडी?" त्यांनी विचारलं.

मी अंगठा दाखवला. छान आहे.

"तुझा काय! तुका घाई," ते पुटपुटले. आणि मग, मला वाटतं निव्वळ सवयीनं, त्यांचा हात पान्यांच्या पिशवीत गेला आणि तो लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर आला. टोक चेंबरवर टेकलं. मूठ कानामागे गेली.

बाबा आहेत तसेच थांबले. मला आधी वाटलं, त्यांना चक्कर आली. मग त्यांनी डोळे मिटले. टोक बेअरिंगवरून सिलिंडरवर गेलं, सिलिंडरवरून क्लचच्या झाकणावर, आणि परत बेअरिंगवर.

"बेअरिंग गप आसा," ते म्हणाले. "वरचो बोल्ट एक ढिलो आसा. किणकिणता."

मी कान दिला. खरंच एक बोल्ट किणकिणत होता. माझ्या डोळ्यांसमोर तो लोखंडी चिमटा आला, डॉक्टरीणबाईंचा, आणि दारात फोनवर पत्ता सांगणारी मी. हयसर येता, म्हणाले होते बाबा, इथे हाडावर ऐकू येतं. हयसर येता.

मी इंजिन बंद केलं. "कित्या बंद केलंस?" म्हणत बाबा मूठ तशीच हाडाला धरून उभे. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक गाडीवरून उचललं आणि माझ्या दातांत धरलं. ग्रीसची चव आली. अख्खी चाळ बघत होती, बघू दे. इतक्या महिन्यांच्या सवयीनं मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "जाऊ नका ना! मला नाही राहता येणार!"

बाबा दचकून मागे सरले.

"बोंबलतस कित्याक?" ते म्हणाले. "आयकाक येता माका."

मी तिथंच, चौकात, मडगार्डवर डोकं टेकून रडले. लहान पोर रडतं तशी, आवाज काढून. बाबांनी टोक परत माझ्या गालाच्या हाडाला लावलं आणि तेही ऐकलं. मग स्क्रूड्रायव्हर पुसून पिशवीत ठेवला, आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

"नव्या बेअरिंगाचा तसा खरा नसता," ते इंजिनाला सांगितल्यासारखं म्हणाले. "रनिंग होईसर आवाज आयकूक व्हयो. तुका थोडोच कळतलो?"

रनिंग म्हणजे नव्यानं बांधलेलं इंजिन पहिले काही शे किलोमीटर सावकाश चालवायचं, सगळे भाग आपापल्या जागी बसेपर्यंत. तोवर राहतो, असं त्याचं मराठीत भाषांतर. मी बॅग उचलून वर नेली आणि लुंग्या दोरीवर टाकल्या.

त्याला आता बरेच दिवस झाले. डॉक्टरीणबाई म्हणतात, हाडावर बसणारं एक यंत्र मिळतं, त्याचं आम्ही बघतोय. तोवर स्क्रूड्रायव्हर आहे. जेवताना बाबा तो माझ्या हनुवटीला लावतात, भांडण असलं की मी दातांत धरते. आम्ही रोज भांडतो.

लॅबच्या कामाला मी लॅबनं दिलेल्या स्कूटरनंच जाते. मोटरसायकल फक्त रविवारी बाहेर काढते, नाक्यापर्यंत नेते, वळवते आणि परत आणते. मी, जिला कुणी बाही वर करेपर्यंत धीर नसतो. बाबा चौकात वाट बघत असतात. बेअरिंग ऐकतात, मग विचारतात, "झाला काय गो रनिंग?"

"कुठे? अजून खूप आहे," मी स्क्रूड्रायव्हरचं टोक हनुवटीला लावून सांगते.

"बरा," ते म्हणतात. किलोमीटरचा मीटर अगदी त्यांच्यासमोर असतो, आणि चष्मा त्यांच्या नाकावर.